पाणी लावून बिनपाण्याची

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला नवा छंद लागला की घरच्यांनी आधी त्याची किंमत विचारावी आणि मग धार. कुणी महागडी सायकल घेतो, कुणी दुर्बीण घेऊन पक्ष्यांच्या मागे लागतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक मॅनेजर घरी पाव भाजतात आणि तो शेजाऱ्यांना खावा लागतो. मला दाढीचा छंद लागला. दाढी वाढवण्याचा नव्हे. तो फुकट आहे आणि आमच्या चिरंजीवांच्या मते मला शोभलाही असता. मला लागला दाढी करण्याचा. ब्रशने फेस काढायचा, धातूचा वजनदार रेझर घ्यायचा, त्यात एकच पातं घालायचं आणि आजोबांसारखी घोटून दाढी करायची.

निमित्त काटकसरीचं होतं. पुरुषांची बहुतेक उधळपट्टी काटकसरीतूनच सुरू होते. पाच पात्यांच्या प्लास्टिकच्या एका डोक्याला जे पैसे पडतात त्यात साध्या दुधारी पात्यांची कित्येक पाकिटं येतात. ज्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीत बनलेली पाती देशोदेशी गेली, त्या ठाण्यात राहून आपण पाच पात्यांचा हप्ता भरत बसायचं? मी बायकोला कागदावर सगळी आकडेमोड करून दाखवली. तिने कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "आणि हा रेझर केवढ्याला?" त्या आकड्यासाठी मी कागदावर जागाच ठेवली नव्हती.

आता माझ्या बाजूने थोडा इतिहास. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली आपला माल विकायला काढला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात रेझर गेला आणि रोजची दाढी सलूनच्या खुर्चीतून उठून घरच्या आरशापुढे आली. मग १९७१ साली दोन पात्यांचा रेझर आला, १९९८ साली तीन पात्यांचा, २००६ साली पाच पात्यांचा. म्हणजे पस्तीस वर्षांत पुरुषाच्या गालावर चार पाती वाढली आणि गाल होता तेवढाच राहिला.

रेझर निवडायला बसलो तेव्हा कळलं की या प्रांतातही जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष आहेत. पातं वरच्या टोपीत आणि खालच्या पट्टीत चिमटलेलं असतं. खालच्या पट्टीच्या कडेला एक दांडी असते; ती कातडी दाबून धारेपुढे सपाट ठेवते. त्या दांडीत आणि धारेत फट किती, आणि टोपीपासून दांडीपर्यंत सरळ रेघ ओढली तर धार त्या रेघेच्या बाहेर किती डोकावते, यावर बराचसा स्वभाव ठरतो. मवाळाची फट अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची आणि धार घरात. जहालाची फट मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी आणि धार उंबऱ्याबाहेर. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाड, पातंही तेवढंच. थोडक्यात, सगळं राजकारण चार-पाच केसांच्या जाडीत चालतं.

आमचं घराणं टिळकपक्षाचं. आजोबांना 'केसरी' आल्याशिवाय चहा गोड लागत नसे. त्यांच्या नातवाने गोखल्यांचा रेझर वापरायचा? शिवाय जो तो सांगत होता की मवाळ रेझर नवशिक्यांसाठी असतो. मिसरूड फुटल्यापासून दाढी करणाऱ्या माणसाला नवशिका म्हणवून घ्यायला आवडत नाही. मी जर्मन बनावटीचा एक कडवा जहाल मागवला. दांडीच्या जागी चक्क दाते. खोक्यातून काढून तळहातावर नुसतं वजन घेतलं आणि उगाचच मान ताठ झाली.

मुहूर्त रविवारचा, संध्याकाळी भाचीचा साखरपुडा होता. गालावरून पहिला हात वरून खाली फिरवला. पाच पात्यांचं प्लास्टिक मुकाट्याने काम करतं. हा बोलत होता. खर्र, खर्र, खुंटागणिक हजेरी घेतल्यासारखा. नळाखाली धरला की फेसात काळे ठिपके वाहून जात. दोन्ही गाल झाले, रक्ताचा थेंब नाही, आणि आरशातला माणूस मला पहिल्यांदाच देखणा वाटला. पण घोटून म्हणजे घोटून. उलटा हात मारल्याशिवाय ती घोटून कसली? हनुवटीखालून वर निघालो. गळ्यावरचे केस सगळे एका दिशेने उगवत नाहीत, काही आडवे जातात, काही चक्क वर येतात, हे त्या रेझरला माहीत असावं, मला नव्हतं. फेस केव्हाच संपला होता. कंठमण्यावरून धार चढत होती आणि नेमका त्याच क्षणी मी आवंढा गिळला.

रक्ताची धार लागली नाही. बारीक लाल टिपके उठले. पुसले की पुन्हा उठत. त्यावर मी बाटलीतलं सुगंधी, मद्यार्कयुक्त पाणी दोन्ही तळव्यांनी थापलं. बाथरूममधून जो आवाज गेला तो ऐकून बायकोने गॅस बंद केला आणि दारावर थाप मारली, "अहो, पडलात का?"

साखरपुड्याला पांढऱ्या कॉलरवर लाल टिपक्यांची नक्षी घेऊन गेलो. "मामा, गोवर आलाय?" नवरीने विचारलं. व्याह्यांकडच्या एका डॉक्टरांनी मला उजेडात नेऊन न मागता तपासलं. फोटोग्राफर म्हणाला, "काका, तुम्ही मागच्या रांगेत चालाल." सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांच्या भांडणात भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला होता. इथे फेकणाराही मी, आणि दोन्ही गाल माझेच.

मग मी पक्षांतर केलं. महाराष्ट्रात आता त्याची कुणाला लाज वाटत नाही. वडिलांच्या जुन्या डब्यात त्यांचा पितळी रेझर होता, मुलामा उडालेला, अत्यंत मवाळ. त्याने कापलं नाही हे खरं. त्याने खुंटही कापले नाहीत. मवाळांचा मार्ग अर्ज, विनंत्या आणि शिष्टमंडळं. हाही एकाच खुंटाकडे पुन्हा पुन्हा शिष्टमंडळ नेई आणि खुंट दर वेळी अर्ज विचाराधीन ठेवी. मी त्याच जागेवरून फिरवत राहिलो, मग दाबून फिरवला, मग फेस नसताना फिरवला. टिपका एकही नाही, पण दुपारपासून गळ्याची अशी आग झाली की कॉलरचं वरचं बटण लाववेना. दुसऱ्या दिवशी पुळ्या आल्या. जहालाने फक्त चिरलं होतं. मवाळाने सोलून काढलं.

यामागचं गणित कोणत्याही पक्षाचं नाही. कातडीचा सगळ्यांत वरचा मृत थर गालावर जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर जाड असतो. आतला ओलावा आत ठेवायचा आणि बाहेरचं साबणपाणी बाहेर, हे काम तो करतो. पातं केसाबरोबर त्याचाही थोडा भाग खरवडून नेतं, आणि एका जागेवरून जितक्या वेळा फिराल, जितकं दाबाल, तितका जास्त नेतं. जहाल रेझर अलगद दोनदा फिरवला तर त्वचा तक्रार करत नाही. मवाळ दहादा रगडला तर करते. उलट्या हाताने फार खाली कापलेले कुरळे केस वाढताना कातडीतच घुसतात, त्या पुळ्या वेगळ्या.

हे ज्ञान मला मिळालं कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. तिथला मुलगा तिशीतला. त्याच्या वडिलांकडे माझे वडील जात. त्याने माझी हनुवटी बोटाने वर उचलली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "काका, स्वतः केलीत?" "हो." "का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्याने पातं कागदातच धरलं, लांबीवरून वाकवलं, कट् असा आवाज झाला, आणि एक अर्धुक वस्तऱ्यात सरकवलं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून दर गिऱ्हाइकाला नवं अर्धुक. मी निरखून पाहिलं. या वस्तऱ्याला दांडी नाही, दाते नाहीत, टोपी नाही. धार पूर्ण मोकळी. हा टिळकांच्याही पुढचा, सरळ क्रांतिकारकच. आणि याच्या खुर्चीतून उठलेल्या गिऱ्हाइकाचा गाल कधी आगीने फुललेला मी पाहिला नव्हता.

तो घाई करत नव्हता. आधी पाणी मारलं, मग क्रीम लावून ब्रश इतका वेळ फिरवला की मधे त्याचा एक फोनही झाला. पाण्याने केस फुगतो आणि मऊ पडतो. ते त्याने मला सांगितलं नाही, फक्त वेळ दिला. मग डाव्या अंगठ्याने कानाजवळची कातडी वर ताणली, वस्तरा गालाशी जवळजवळ आडवा धरला आणि मनगटातून आखूड आखूड हात मारले. जिथला फेस गेला तिथे पुन्हा वस्तरा नेला नाही. आधी ब्रश, मग वस्तरा. गळ्याशी आल्यावर थांबला आणि बोटांनी चाचपलं. "केसाला विचारायचं काका, कुठे चाललास. त्याच्या मागून जायचं." मी विचारलं, "आणि जोर?" "जोर कशाला? तुमचा रेझर जड आहे ना? मग नुसता धरायचा."

शेवटी ओल्या गालावर तुरटी फिरवली. गळ्यावर जुन्या जखमांना झोंबली, गालांना नाही. "घरी पण फिरवा," तो म्हणाला. "जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलंत."

१९१६ साली लखनौला जहाल-मवाळांचा समेट झाला. रेझरांतही झालेला आहे. जिलेटने १९५० च्या दशकाच्या अखेरीस १ ते ९ आकड्यांची चकती असलेला रेझर काढला. आकडा वाढवला की फट वाढते. असे रेझर अजूनही मिळतात, ही माहिती मी जेवताना सहज म्हणून दिली. बायकोने आमटी वाढता वाढता सांगितलं, "तशी चकती हाताला बसवून मिळते का बघा."

तेव्हा या वाटेला लागणाऱ्यांना सांगणं एवढंच. चेहरा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजू द्या. केस कुठे वळतात ते बोटांनी चाचपून घ्या. फेस नाही तिथे पातं नाही. सरळ हाताने झालं असेल तर उलट्याच्या नादी लागू नका, निदान साखरपुड्याच्या दिवशी तरी. पातं ओढायला लागलं की टाका. ते महाग नाही, हेच तर या छंदाचं एकमेव समर्थन आहे. आणि रेझर जहाल घ्यावा की मवाळ, हे मला विचारू नका. हात मवाळ असेल तर कुठलाही चालेल. हात जहाल असेल तर दाढी ठेवा.