आम्ही पुरोगामी

समोरच्या फ्लॅटातल्या काकांनी पहिल्या भेटीत नावाआधी सांगितलं, “आम्ही पुरोगामी.” मला ते आडनाव वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणालोही, “समोर कुणी पुरोगामी आलेत. गोव्याकडचे असावेत.”

काकांच्या तोंडी हा शब्द कायम अनेकवचनी. ‘मी पुरोगामी’ म्हटलं की काहीतरी करून दाखवावं लागतं. ‘आम्ही’ म्हटलं की फुले, शाहू, आंबेडकर सोबत येतात आणि करण्याचा भाग त्यांनी आधीच उरकलेला असतो. बाकीचं जग प्रतिगामी. गाडी आडवी लावणारा प्रतिगामी, वरच्या मजल्यावरून पाणी सांडणारी प्रतिगामी. मेंटेनन्स काकांचाच थकलाय, पण तो व्यवस्थेविरुद्धचा लढा.

१९७८ साल हा त्यांचा सुवर्णकाळ. शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद, सत्तेवर आलं तेव्हा काका कॉलेजात होते. “सरकारच्या नावातच आम्ही!” हे सांगताना अजून त्यांचा गळा दाटतो. मी एकदा भीतभीत म्हटलं, “पण काका, त्यात जनता पक्ष होता. म्हणजे जुने जनसंघवालेही आलेच की.”

“ते तेवढ्यापुरते पुरोगामी होते.”

“केवढ्यापुरते?”

“फेब्रुवारी ८०पर्यंत. पुढे सरकारच बरखास्त झालं, त्याला आम्ही काय करणार?”

गेल्या महिन्यात काकांच्या मुलाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. काका सोवळं नेसून पाटावर बसले, पण बसण्यापूर्वी सगळ्यांसमक्ष तात्त्विक विरोध नोंदवून. गुरुजींनी संकल्प सुरू केला. “गोत्र?”

“आम्ही पुरोगामी,” काका छाती काढून म्हणाले.

“बरं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावतात,” म्हणत गुरुजी पुढे सरकले. जेवताना मात्र हसून म्हणाले, “अहो, आपण चुलतभाऊच. पुरस् म्हणजे पुढे. तुम्ही पुढे जाणारे, पुरोगामी. मी पुढे ठेवलेला, पुरोहित.”

काकांचा घास हातातच राहिला. पुरणपोळीवर तूप वाढलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. “त्या कालच्या प्रतिगाम्याचा नंबर आहे का? मुलीचं लग्न ठरतंय.” मी बघत राहिलो, तसे घाईनं म्हणाले, “रजिस्टर्डच आहे हो! मुहूर्त तेवढा काढून हवाय.”