कुंडीतले लिंबू आणि खुंटाचे हक्क

ज्या पुणेकराच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे आणि घरात त्याचे ऐकून घेणारे कोणी उरलेले नाही, त्याने निदान एक मोसंबीचे कलम स्वहस्ते बांधावे. कलमात दोन झाडे एकत्र नांदतात. वर आपल्या आवडीच्या जातीचा डोळा असतो, खाली दुसऱ्याच जातीचा खुंट. गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन रोज डोळ्याची विचारपूस करतो. खुंटाची आठवण त्याला कुंडी सरकवताना काटा टोचला की होते. सोसायटीच्या फलकावर नाव अध्यक्षांचे असते आणि पाण्याची मोटर लावणारा माणूस वेगळाच असतो, त्यातलाच हा प्रकार. घरची कलमे बहुधा याच पक्षपातामुळे दगावतात. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शनाचे सूत्र असे: कौतुक जोडाच्या वर करावे, काळजी जोडाच्या खाली घ्यावी.

यावर पहिला आक्षेप पेठेतून येईल: ‘आमचे कागदी लिंबू बी टाकून आले, कलम कशाला?’ आक्षेप रास्त आहे. कागदी लिंबाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपे उगवतात आणि त्यांतली बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेली असल्याने हुबेहूब आईसारखी निघतात. केवळ जात टिकवायची तर कलमाची गरज नाही. पण बीचे रोप आपले बालपण पूर्ण भोगते. काटे आधी देते, फळे फार उशिरा. फळत्या झाडाच्या फांदीवरून घेतलेला डोळा मात्र वयात आलेलाच असतो. शिवाय मुळांना कोणती माती सोसेल, हे खुंट ठरवतो. मोसंबी-संत्र्यासाठी महाराष्ट्रात जंबेरी हा जुना रुळलेला खुंट आहे. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण आणि चुनखडीची जमीन अधिक सोसतो. सुट्टीत कुंड्या वाऱ्यावर सोडून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांनी यातून योग्य तो बोध घ्यावा.

खुंटाला एवढा मान कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी इतिहास पाहावा. 1842 च्या सुमारास अझोर्स बेटांवर संत्र्याची झाडे बुंध्यातून डिंक गाळत मरू लागली. उपाय म्हणून पुढे अनेक देशांतल्या बागायतदारांनी आंबट संत्र्याचा खुंट धरला, कारण त्याला तो रोग सहसा लागत नसे. मग 1930 च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये मावा किडीने पसरवलेल्या ट्रिस्टेझा विषाणूने नेमक्या त्याच खुंटावरच्या बागा उद्ध्वस्त केल्या. दोन्ही वेळा वरचे फळ गोडच होते. निकाल लागला तो खाली.

आता कृती. जंबेरीचे बी ताजेच पेरावे. डबीत जपून वाळवलेले बी उगवत नाही, जपणाऱ्याचा हेतू कितीही थोर असो. खुरटी आणि इतरांहून वेगळी दिसणारी रोपे काढून टाकावीत. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले आणि साल सहज सुटू लागली की मातीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यावी. ढालीच्या आकाराचा डोळा सालीखाली सरकवावा आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी. यापुढचे सुमारे तीन आठवडे काहीही करायचे नसते आणि हाच भाग शहरी माणसाला झेपत नाही. कलम ‘धरले का’ हे पाहण्यासाठी पट्टी सोडली की धरू लागलेले कलम सुटते. कुंडीवर पाटी अवश्य लावावी, मात्र तिचे तोंड शेजाऱ्यांकडे न ठेवता स्वतःकडे ठेवावे.

दुसरा आक्षेप प्रेमळ माणसांचा असतो: ‘रोज पाणी घातले नाही तर झाड सुकेल.’ पुण्याच्या पावसाळ्यात निचरा नसलेल्या कुंडीत झाड सुकते ते बहुधा मुळे सडल्यामुळे. डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशी साचलेल्या पाण्यातच फोफावते. मोसंबीची साल तिला फार लवकर बळी पडते. कलम वीतभर उंच बांधायचे ते याचसाठी, चिखलाचे शिंतोडे जोडापर्यंत उडू नयेत म्हणून. कुंडीत ‘अजून थोडी माती’ घालून जोड पुरणारा मनुष्य सगळी मेहनत स्वतःच्या हाताने गाडतो. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. पावसाळ्यापूर्वी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, एकूण 1 लिटर पाण्यात बोर्डो पेस्ट करावी आणि बुंध्याला फासावी. निळ्या खोडाबद्दल जिन्यात होणाऱ्या चौकशीला उत्तर देणे ऐच्छिक आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी: ‘उरुळी कांचनच्या रोपवाटिकेतून तयार कलम आणू.’ जरूर आणावे. पण विकत घेतल्याने खुंट गप्प बसत नाही. जोडाखालून फूट येतच राहते. ती जोमदार आणि तुकतुकीत असते, म्हणून घरात तिचेच कौतुक होते. ती कोवळी असतानाच बोटाने मोडावी. पानावरून जात ओळखण्याच्या वादात पडू नये; फूट जोडाच्या वरून निघाली की खालून, एवढे वाकून पाहावे. जे वाकत नाहीत त्यांची मोसंबी हळूहळू वाळते आणि काही वर्षांनी झाडाला खडबडीत, बियाळ, आंबट फळे धरतात. ती जंबेरी होय. तेव्हा रोपवाटिकेवर, मातीवर आणि महापालिकेच्या पाण्यावर ठपका ठेवू नये. खुंटाने आपले काम चोख केलेले असते. फळांचे लोणचे घालावे, बिया ताज्याच पेराव्यात आणि या खेपेला कलम आपल्या नजरेच्या उंचीवर ठेवण्याऐवजी खुंट नजरेसमोर येईल अशा उंच कट्ट्यावर कुंडी ठेवावी.