आमच्या वेळचे पोकेमॉन

नवा पोकेमॉन गेम जाहीर झाला, की पहिल्या ट्रेलरच्या दुसऱ्या मिनिटाला माझ्यासारख्या जुन्या चाहत्याचं मत तयार असतं: पूर्वीची मजा राहिली नाही. खरं तर ते ट्रेलरच्या आधीच तयार असतं; ट्रेलर आपण निव्वळ सौजन्य म्हणून पाहतो. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘लेजेंड्स: झेड-ए’ आला तेव्हाही हेच झालं. अख्खा गेम पॅरिसच्या धर्तीवरच्या लुमिओझ या एकाच शहरात घडतो आणि लढाई आता पाळीपाळीने होत नाही, दोन्हीकडचे एकाच वेळी धावत, चुकवत लढतात. त्यावर आम्ही लगेच म्हणालो, पाळीपाळीने लढण्यातली सभ्यता गेली. आधीची पंचवीसेक वर्षं ‘तीच ती लढाई किती दिवस दाखवणार’ म्हणून कुरकुरणारेही आम्हीच. चाहता स्वतःला समीक्षक समजायला लागला, की त्याला खूश करणं कुठल्याही कंपनीच्या हातात राहत नाही. माझं म्हणणं असं की आमच्या तक्रारींपैकी बहुतेक या खेळाबद्दल नसतातच. त्या आमच्या वयाबद्दल असतात, आणि वयाची तक्रार लिहून घ्यायला कुठे काउंटर नसल्यामुळे त्या पोकेमॉनच्या नावावर टाकल्या जातात.

सगळ्यात लाडका आरोप म्हणजे कल्पनाशक्ती आटली. पुरावा म्हणून २०१०चा ट्रबिश नावाचा पोकेमॉन दाखवतात, कारण तो कचऱ्याची पिशवी आहे. त्याच वर्षीचा व्हॅनिलाइट दाखवतात, कारण तो आइस्क्रीम आहे. आणि २०१३चा क्लेफ्की तर चक्क किल्ल्यांचा जुडगा. ‘किल्ल्यांचा जुडगा हा काय प्राणी झाला?’ असं विचारताना आवाजात जो दुखावलेला सात्त्विकपणा येतो, तो ऐकण्यासारखा असतो. आता १९९६चे आमचे पवित्र १५१ पाहू. त्यात ग्रायमर आहे, म्हणजे डोळे फुटलेला गाळ. व्होल्टॉर्ब हा पोकेमॉन पकडायचा पोकेबॉलच, फक्त रागावलेला. मॅग्नेमाइट म्हणजे एक गोळा, एक डोळा, तीन स्क्रू आणि दोन बाजूंना दोन नालाच्या आकाराचे लोहचुंबक. तो इव्हॉल्व्ह होऊन, म्हणजे पुढच्या रूपात जाऊन, काय होतो? तीन मॅग्नेमाइट. डिग्लेट हा जमिनीतून डोकावणारा तपकिरी खुंट. तो इव्हॉल्व्ह झाला की तीन खुंट. एकाच वस्तूचे तीन नग जवळजवळ ठेवणं याला आम्ही प्रतिभा म्हणतो, कारण ते नग पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमचा गृहपाठ व्हायचा होता. पहिल्या पिढीतली चित्रं ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते केन सुगिमोरी स्वतः तरी इतके भाविक असतील की नाही, शंका आहे.

आणि तर्काचं म्हणाल, तर तो या दुनियेत कधीच नव्हता. इथे मला वेलॉर्डबद्दल बोललंच पाहिजे. हा २००२चा देवमासा. पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशात, याची लांबी १४.५ मीटर दिली आहे आणि वजन ३९८ किलो. पुन्हा वाचा. एवढ्या लांबीचा खरा देवमासा कित्येक टनांचा भरेल; चांगली पोसलेली मुऱ्हा म्हैसही या वेलॉर्डपेक्षा जड भरू शकते. चाहत्यांनी याचं आकारमान काढून हिशेब मांडले आहेत, आणि त्यांच्या मते हा मासा पाण्यात बुडणं तर सोडाच, जमिनीवर टिकला तरी नशीब. शिवाय गेमच्या नियमांनुसार वेलॉर्ड आणि ६० सेंटिमीटरची स्किटी नावाची मांजर एकाच गटात मोडतात, म्हणजे त्यांचं जमतं, अंडंही होतं. पुढचं कोणी विचारत नाही. मॅगकार्गो नावाच्या गोगलगायीच्या अंगाचं तापमान दहा हजार अंश सेल्सियस आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. तरी दहा वर्षांचं पोर तिला घेऊन गवतातून हिंडतं आणि गवताला काही होत नाही. या सगळ्यावर चाहत्यांमध्ये एक खुलासा रूढ आहे, की पोकेडेक्स शेवटी दहा-दहा वर्षांची मुलंच भरतात, तेव्हा आकडे असेच यायचे. मला तो मनापासून पटतो. ज्या जगाने ३९८ किलोचा देवमासा बिनतक्रार गिळला, त्याच्या घशात किल्ल्यांचा जुडगा अडकतो, एवढंच मला समजत नाही.

बरं, ‘आमच्या वेळचे’ म्हणजे नक्की कुठल्या वेळचे? ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ जपानात आले ते २७ फेब्रुवारी १९९६ला, गेम बॉयवर. आपल्याकडे पोकेमॉन पोचला तो २००३मध्ये, कार्टून नेटवर्कवर आणि हिंदीत. गेम बॉय बहुतेकांनी त्या कार्टूनच्या मधल्या जाहिरातींतही पाहिला नसेल. गेम म्हणून आम्ही जो खेळलो, तो पुष्कळदा २००४चा ‘फायररेड’, म्हणजे मूळ गेमची नवी आवृत्ती, आणि तीही कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून, एक पैसा न देता. म्हणजे मूळ गेमच्या शुद्धतेबद्दल हिरिरीने भांडणाऱ्या या मंडळींचा मूळ गेम हा पुनर्निर्मितीची फुकटात मिळवलेली नक्कल आहे. परंपरेचा अभिमान बाळगायला परंपरेत असावं लागत नाही, हे आपल्याला इतरही क्षेत्रांतून ठाऊक आहेच.

यावर कोणी म्हणेल, मग काय, सगळा दोष आमच्या आठवणींचा आणि गेम निर्दोष? तसं नाही, आणि इथे मला हसू येत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ आले तेव्हा माणसं जमिनीत रुतत होती, लांबवरची पवनचक्की हिसके देत फिरत होती, चित्र जागोजागी अडखळत होतं. डिसेंबरात कंपनीची जाहीर दिलगिरी आली. पण पहिल्या तीन दिवसांतच जगभरात १ कोटीच्या वर प्रती गेल्या होत्या, त्यामुळे त्या दिलगिरीला घाई करण्याचं कारण नव्हतं. नव्या पिढीच्या गेमबरोबर नवं कार्टून, नवे पत्ते, नवी खेळणी निघायची असतात. तारीख पुढे ढकलणं सगळ्यांनाच महाग, म्हणून गेम कच्चाच बाहेर काढणं सगळ्यांना स्वस्त. ‘झेड-ए’मध्ये इमारतींच्या भिंतींवर बाल्कन्या नुसत्या रंगवलेल्या आहेत, बाजूने पाहिलं की सपाट. आणि गेम बाजारात यायच्या आधीच त्याची वेगळे पैसे देऊन घ्यायची पुरवणी जाहीर झाली होती. पंगत बसायच्या आधीच मठ्ठ्याचे पैसे निराळे सांगावेत तसं. ही तक्रार खरी आहे. पण ती आम्ही सपाट बाल्कनीच्या चित्रासकट मांडतो आणि पुरवणीही घेतो. त्या १ कोटींत कुरकुरणारे किती होते, याचा हिशेब कंपनीला ठेवायची गरजच पडत नाही, कारण कुरकुरीला सवलत नसते.

हा सगळा व्याप ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे गोळा करत. पुढे गावाचं शहर झालं आणि किड्यांची जागा गेली. दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून त्यांना वाटलं, हिच्यातून किडे पलीकडे जाऊ शकतील. म्हणून एकाच गेमच्या दोन आवृत्त्या निघाल्या, दोन्हींत काही पोकेमॉन वेगळे ठेवले. यात धंदा होता, पण मुलाला दुसरं मूल शोधायला लावायची सोयही होती. कडाब्रा, माचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चौघे तर कितीही लढवा, दुसऱ्याला ट्रेड केल्याशिवाय पुढे इव्हॉल्व्हच होत नाहीत. एम्युलेटरवर ती तार नव्हती. म्हणजे आमच्या वेळच्या कितीतरी पोरांचा हॉन्टर जन्मभर हॉन्टरच राहिला, गेंगार झालाच नाही, कारण समोर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. कार्टून सगळ्या गल्लीने पाहिलं, खेळलो मात्र ज्याचा तो एकटाच. मग २०२२च्या ‘लेजेंड्स: आर्सियस’मध्ये लिंकिंग कॉर्ड नावाची एक वस्तू आली. पिशवीतून काढायची, हॉन्टरला द्यायची, झाला गेंगार. दुसऱ्या माणसाची भानगड नाही. यावर जुन्या चाहत्यांतून लगेच ओरड झाली, की ट्रेडमधला प्राणच काढून घेतला. ज्यांनी ती तार कधी हातात धरली नव्हती, तेही त्या ओरड्यात होते. माझं मतही अगदी तेच आहे. फक्त ते मी चौघांना इव्हॉल्व्ह करून घेतल्यावर मांडतो.