एका 'टाइम'ची कुळकथा

इंग्रज मनुष्य इतर बाबतींत कितीही सढळ असो, शब्दांच्या खर्चात मात्र तो मोठा कृपण आहे. टपाल, तगाई आणि तुरुंग या तिन्ही खात्यांचा कारभार एकाच कारकुनाच्या गळ्यात बांधावा, त्याप्रमाणे घड्याळातली वेळ, आयुष्यातला काळ आणि एखादे कृत्य कितव्या खेपेस घडले याची मोजदाद, हे सर्व तो एकट्या 'टाइम'वर सोपवून मोकळा होतो.

निवृत्तीनंतर हौसेने पोर्तुगीज कोश चाळू लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की लिस्बनच्या हद्दीत या कारकुनाची डाळ शिजत नाही. किती वाजले हे पुसायचे असल्यास 'ऑरा', तीनदा म्हणायचे असल्यास 'वेश', आणि काळ नुसताच लोटत असल्यास 'तेंपु', अशी तेथे चोख वाटणी आहे. पैकी 'ऑरा' आपला भाऊबंदच निघाला. यवनांचा जो शब्द लॅटिनमार्गे लिस्बनला गेला, तोच आपल्या ज्योतिषांकडे 'होरा' होऊन आला. 'अहोरात्र'ची आद्य आणि अंत्य अक्षरे गाळून तो सिद्ध करणारी देशी व्युत्पत्तीही वराहमिहिराने नमूद केली आहे, आणि दत्तकपत्र इतक्या सफाईने क्वचितच लिहिले गेले असेल.

'तेंपु'चे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे. त्याच्याकडे हवामानाचाही हवाला असल्याने वेळ विचारताना तो चुकून वापरल्यास समोरचा सद्गृहस्थ मनगटाऐवजी आभाळाकडे पाहून छत्री बाळगण्याचा सल्ला देईल. व्याकरणातला काळही त्याच्याच दप्तरी. पण येथे आपण नाक मुरडू नये, कारण आपलाही 'काळ' व्याकरणात भूत आणि दारात यम होऊन उभा राहतो.

गोव्यात पोर्तुगीज 1510पासून 1961पर्यंत ठाण मांडून होते. या शेजारात मराठीने त्यांच्याकडून पाव, बटाटा, चावी आणि मुख्य म्हणजे पगार उचलला. वेळ मात्र घेतली नाही. ती पुढे इंग्रजाकडून घेतली, आणि पाळली कितपत, हे सर्वांस विदित आहे.

ब्राझीलने तर कमालच केली. तेथील पोर्तुगीजमध्ये इंग्रजी 'टाइम'च्याच अक्षरांनी लिहिला जाणारा एक शब्द आहे. तो इंग्रजी 'टीम'पासून आला, त्याचा अर्थ खेळाडूंचा संघ, आणि उच्चार जवळजवळ 'चिमी'. धिप्पाड अकरा फुटबॉलपटू मैदानात उतरले, की हजारो प्रेक्षक आपापल्या चिमीच्या नावाने गर्जना करतात, आणि कोणाला हसू येत नाही.