सभा आधी उजवीकडे सरकवा

अमेरिकन माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ शिकवणाऱ्या प्रशिक्षिकांची सभा यंदा 'संवादी आणि सहभागात्मक' व्हावी, असं वरून कळवण्यात आलं असेल, तर आयोजिकेनं प्रथम शांत राहावं. थोड्या वेळानं घाबरायला हरकत नाही. या सभेला येणारी प्रत्येक बाई आठवडाभर शिष्यांना एकच गोष्ट घोकून घेत असते: आपला हात कुणाला कळू देऊ नका, समोरची काय टाकते ते बघा, आणि तिला हवी असलेली सोंगटी आपल्या रॅकवरून हलवू नका. अशा सव्वीस बायकांना गोलात बसवून 'आपापले अनुभव मनमोकळेपणानं सांगा' म्हटलं, तर सव्वीस प्रसन्न हास्यं मिळतील आणि कॉफी लवकर संपेल.

म्हणून गोल मोडावा. फ्लोरिडातल्या गृहसंकुलाचा क्लब असो की न्यू जर्सीतलं गावचं वाचनालय, टेबलं चौघींची लावावीत. सव्वीसमधून उरलेल्या दोघींना 'निरीक्षक' वगैरे पदं देऊन दुखवू नये. पाचवी खेळाडू आली तर तिचं काय करायचं याची सोय खेळातच आहे. ती पैजवाली होते. चौघींच्या पाठीमागून फिरते, सगळ्यांचे हात बघते, कोण जिंकणार ते मनाशी ठरवून पैज लावते आणि डाव संपेपर्यंत चकार शब्द काढत नाही. सभा सुधारायला बाहेरून तज्ज्ञ बोलावला असेल, तर त्यालाही हेच काम द्यावं. ज्या टेबलावर त्यानं पैज लावली ते हरलं, तर पैसे त्यानं भरावेत. सल्ल्याचा दर्जा आपोआप सुधारतो.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून होईपर्यंत सोंगट्यांच्या पेट्या उघडू नयेत, ही सूचना ठळक अक्षरांत लावावी. एकशे बावन्न सोंगट्या टेबलावर पालथ्या पडून ढवळल्या जाऊ लागल्या की कोषाध्यक्ष नफा सांगते आहे की तोटा, हे पहिल्या रांगेतही ऐकू येत नाही. ज्या कोषाध्यक्षांना हे सोयीचं वाटतं, त्यांनी पेट्या आधी उघडाव्यात.

आता मुख्य विषय, चार्ल्सटन. बाहेरच्यांसाठी सांगते: डाव सुरू होण्याआधी प्रत्येकीनं नको असलेल्या तीन सोंगट्या उजवीकडे द्यायच्या, मग तीन समोर, मग तीन डावीकडे. हे सक्तीचं. दुसरी फेरी उलट क्रमानं होते, डावीकडे, समोर, उजवीकडे, पण ती चौघींपैकी एकीनं जरी 'पुरे' म्हटलं तरी थांबते. शेवटी समोरासमोरच्या दोघी हव्या तर आपसात एक ते तीन सोंगट्या बदलतात, आणि दोघींचे आकडे जुळले नाहीत तर कमी आकडा चालतो. हळदीकुंकवात मागच्या वर्षी आलेली स्टीलची वाटी यंदा दुसऱ्या घरी वाण म्हणून जाते, तोच हा व्यवहार. देणारी हसते, घेणारी हसते, वाटी फिरत राहते.

सभेत सोंगट्यांऐवजी चिठ्ठ्या वापराव्यात. प्रत्येकीनं आपल्या वर्गातल्या तीन अडचणी लिहून उजवीकडे द्याव्यात: फी उशिरा देणारी, तिसऱ्या महिन्यातही क्रॅक आणि बॅम या सोंगट्यांत गोंधळणारी, चिवड्याच्या हातांनी सोंगट्या धरणारी. आलेल्या चिठ्ठ्या वाचून त्यांतल्या नकोशा पुढे सरकवाव्यात. तिसऱ्या वेळी हाती आलेल्या चिठ्ठ्या न वाचताच पुढे ढकलायची मुभा खेळात आहे. ही मुभा सभेत काढून घेऊ नये. पुष्कळ समित्या तिच्यावरच चालतात. जोकर मात्र कधीच दुसऱ्याला देता येत नाही, हा नियम कडक आहे, आणि तो सभेतही पाळला जाईलच, सांगावं लागणार नाही. नव्या शिष्या नेमक्या कुठून मिळतात, हे आजवर एकाही प्रशिक्षिकेनं चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.

थोडक्यात, सहकार्य म्हणजे आपल्याला नको ते दुसरीच्या गळ्यात सौजन्यानं घालणं. माहजाँगवाल्या बायकांना हे व्यवस्थापनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यांना निराळं प्रशिक्षण कशाला?

चर्चेसाठी टाकलेल्या सोंगटीचा नियम लावावा. नाव पूर्ण उच्चारलं की सोंगटी गेली, परत घेता येत नाही. म्हणजे 'पुढची सभा माझ्याकडे घेऊ या' असं कुणी बोलून गेली, की 'मी आपलं सहज म्हटलं' चालणार नाही. शिवाय उचलता येते ती फक्त शेवटची टाकलेली. मग मागच्या मार्चमध्ये कोण काय म्हणाली होती, तो मुद्दा मेलेला. या एका नियमानं सभा निम्म्या वेळात आटोपते, म्हणून तो मंजूर होणं कठीण आहे.

सभा वसंतात ठेवावी, नॅशनल माहजाँग लीगचं नवं कार्ड येतं तेव्हा. न्यूयॉर्कमध्ये 1937 साली स्थापन झालेली ही संस्था दरवर्षी जिंकणाऱ्या हातांची नवी यादी काढते, आणि वर्षभर मुखोद्गत केलेले हात एका दिवसात बाद होतात. त्या सकाळी तीस वर्षं शिकवणारी आणि तीन महिने शिकवणारी दोघी सारख्याच अडाणी असतात. खरा संवाद व्हायचा तर तेव्हाच होतो. कार्डाच्या झेरॉक्स वाटू नयेत. लीगला ते खपत नाही, आणि झेरॉक्स वाटणारी कोण हे बाकीच्या पंचवीस जणी लक्षात ठेवतात.

दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेऊ नयेत. पहिला, घरचे नियम की लीगचे. यावरून मैत्रिणी तुटल्या आहेत. पूर्वी शंका आली की लीगला पत्र जायचं, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडून. उत्तर येईपर्यंत दोन्ही पक्ष थंडावत. आता फोनवर एका मिनिटात सात परस्परविरोधी उत्तरं मिळतात आणि कुणालाच थंडावायला वेळ मिळत नाही. दुसरा विषय, खेळाचा इतिहास. काही प्रशिक्षिका अजूनही पहिल्या तासाला कन्फ्यूशियसला बोलावतात. तो वारल्यावर दोन हजारांहून जास्त वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, चीनमध्ये हा खेळ आकाराला आला. काही जणी थेट जोसेफ बॅबकॉकपासून सुरुवात करतात. स्टँडर्ड ऑइलच्या या कर्मचाऱ्यानं 1920 मध्ये सोपे केलेले नियम लाल पुस्तकात छापले आणि अमेरिकेला वेड लावलं. डॅलसच्या एका कंपनीनं चिनी चिन्हं बदलून 'ताज्या' सोंगट्या विकायला काढल्या, त्यावरून 2021 च्या जानेवारीत खेळ मूळचा कुणाचा हा प्रश्न चांगलाच पेटला होता. तो जेवणाआधी काढू नये. (आपल्याकडे लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांच्या बायकांत माहजाँग जुनं आहे, पण त्यांच्या नियमांचं घराणं वेगळं, त्यांतल्या कुणाला पाहुणी म्हणून बोलावल्यास वाद तिपटीनं वाढेल, याची जाणीव ठेवावी.)

एवढं करूनही एखादी बाई ऐकत नसेल, तर तिचा हात 'मृत' जाहीर करावा. चुकीचा हात मांडणारीला खेळात हीच शिक्षा असते. तिला घरी पाठवत नाहीत. ती टेबलाशीच बसते, सोंगटी उचलायची नाही, टाकायची नाही, आणि डाव संपल्यावर जिंकणारीला इतरांसारखेच पैसे द्यायचे. सभेत अशा बाईंना कॉफीच्या बिलाजवळची खुर्ची द्यावी.