दोनाचे चार केल्याबद्दल आभार

राजमान्य राजश्री शेठजी, मुक्काम आपलं ऑनलाइन गोदाम, यांस
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपण पाठवलेला फिशिंग रॉड सुखरूप नसला तरी पोचला. मी सात फुटी, कार्बनचा, दोन तुकड्यांचा मागवला होता. आपण चार तुकड्यांचा पाठवलात आणि पैसे मात्र दोनाचेच घेतलेत. इतकी दिलदारी हल्ली कोण दाखवतं? आमच्या रत्नागिरीत दोनाचे चार करायचे तर भटजी लागतो, मुहूर्त लागतो, हॉलचं भाडं भरावं लागतं. आपण ते पुठ्ठ्याच्या एका खोक्यात उरकलंत.

खोक्याबद्दल आधी बोलतो, कारण आपलं खरं कसब तिथेच आहे. मोठ्या टीव्हीचं खोकं कापून, दुमडून आपण सहा सेंटिमीटर रुंदीची जी पट्टी तयार केलीत, तिला खोकं म्हणणं हा खोक्यांचाच गौरव आहे. तिच्यावर लाल स्टिकर होते. काचेचा पेला, त्यावर तडा, खाली इंग्रजीत 'फ्रॅजाइल'. दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना, आणि जिथे पुठ्ठा फाटला होता तिथे ठिगळ म्हणूनही स्टिकरच. पॅकिंगचं सगळं काम आपण छापखान्याकडून करून घेतलंत, हे पाहून मन भरून आलं.

शिवाय 'ही बाजू वर' असा बाणही होता! साडेतीन-पावणेचार फूट लांब आणि तीन बोटं जाड असं पार्सल बाणाची आज्ञा पाळून उभं ठेवलं, तर ट्रकच्या पहिल्या ब्रेकला ते आडवं होणार. आडवं ठेवलं तर बाणाचा अपमान. कुरियरवाल्यांना असं धर्मसंकटात टाकणारा दुसरा व्यापारी माझ्या पाहण्यात नाही.

आपली माणसावरची श्रद्धाही थोर. रात्री दोन वाजता, कुठल्याशा हबवर, मिणमिणत्या दिव्याखाली ट्रक भरणारा माणूस ते स्टिकर वाचेल, पेल्याकडे बघून गहिवरेल आणि आपला माल कापसावर निजवेल असं आपल्याला मनापासून वाटतं. त्या बिचाऱ्याला वाचायला वेळ कुठला? लहान पाकिटं पोत्यात जातात. लांब पार्सल पोत्यात मावत नाही, म्हणून ते सुटं फिरतं आणि शेवटी जिथे फट दिसेल तिथे कोंबलं जातं. मग त्याच्यावर मिक्सर येतात, तांदळाच्या गोण्या येतात, कुणाचं तरी टायर येतं. हे त्याला चुकवता येत नाही. आपल्याला आलं असतं, पण स्टिकरचा गठ्ठा संपवायचा होता.

आता आतली आरास. रॉडच्या दोन्ही तुकड्यांना बबलरॅपचा एकेक वेढा होता. खरं सांगायचं तर अर्धा, कारण दुसरा अर्धा सुटून टोकाला गोळा झाला होता. दोन्ही शेंडे आपण मोठ्या प्रेमाने एकाच दिशेला, थेट पुठ्ठ्याला भिडवून ठेवले होते. त्यामुळे पार्सल जिथे जिथे टोकावर आपटलं, तिथे तिथे तो आघात रॉडच्या सर्वांत नाजूक भागाने सोसला. शेंड्यापासून चार बोटांवर पहिला तुकडा पडला तो असा. पुठ्ठ्याला भोक पाडून टिप बाहेर डोकावत होती. प्रवासात तिलाही बाहेरचं बघावंसं वाटलं असेल.

दुसरा तुकडा कसा पडला, हे कळायला मला थोडा वेळ लागला. रीळही आपण त्याच खोक्यात टाकलं होतंत. त्याच्या स्वतःच्या डब्यातून काढून, सुटं, हँडल लावलेलं, बेलची तार उघडी. डबा काढला नसता तर ती पट्टी सहा सेंटिमीटरची राहिली नसती, हे मी समजू शकतो. तीनशे ग्रॅमचं ते धूड आपल्या गोदामापासून माझ्या दारापर्यंत त्या पोकळीत घणासारखं मागेपुढे चालत राहिलं आणि मधोमध, बरोबर एका रिंगच्या खाली, त्याने रॉड फोडला. सोबत शिशाची वजनं होती. ती एका पातळ पिशवीत होती. निदान आपल्याकडून निघताना असावीत. मी खोकं उघडलं तेव्हा पिशवी एकीकडे आणि शिसं सगळीकडे होतं.

ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, लावलेले दोन ल्युर, म्हणजे प्लास्टिकचे खोटे मासे, आपण टोपणांशिवाय पाठवलेत, त्याचेही आभार मानतो. गिऱ्हाइकाला गळाला काहीतरी लागल्याचा आनंद घरबसल्या मिळावा हा आपला हेतू असणार. पहिल्याच दिवशी बबलरॅप लागला, मग रॉडची कापडी पिशवी लागली, मग माझा अंगठा लागला. ल्युरच्याच पिशवीत रबरी कोळंबीही होती. मऊ रबरातलं तेल कडक प्लास्टिकचा रंग खातं, उन्हात तर भराभर खातं, म्हणून हे दोन प्रकार एका जागी ठेवत नाहीत. आपण ठेवलेत. रॉडचे दोनाचे चार केलेत, इथे दोनाचं एक केलंत. हिशेब चोख.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी फोटो पाठवले तेव्हा आपण विचारलंत, "सर, हा रॉड मोठा मासा ओढतो, पार्सलमध्ये कसा मोडेल?" प्रश्न ज्ञानी माणसाला शोभेल असाच आहे. कार्बनचा रॉड म्हणजे पोकळ नळी. तिच्यातले बहुतेक धागे लांबीच्या दिशेने राळेत बसवलेले असतात. मासा ओढतो तेव्हा रॉड सगळा वाकतो, भार लांबीभर वाटला जातो, म्हणून चार-पाच किलोचा जिताडा खेळवला तरी तो टिकतो. पण एकाच जागी बाजूने ठोका बसला की नळीची भिंत आत दबते, आणि शेंड्याकडे ती भिंत एक मिलिमीटरचीसुद्धा नसते. आपण रॉड विकता. एवढं आपल्याला ठाऊक असेल असं मानून चाललो, तो माझा भाबडेपणा समजावा.

माझा रॉड निदान उघड मोडून आला. हा मोठाच उपकार. भाट्याच्या पुलावर गरवायला येणाऱ्या एकाला आपण असाच रॉड पाठवला होता. तो दिसायला धडधाकट होता. आत कुठेतरी चीर गेली असावी. ती बाहेरच्या रंगाखाली दिसत नाही. पहिली तांबोशी लागली, रॉड वाकला आणि फाटकन दोन झाले. आपण त्याला लिहिलंत, "तुम्ही रॉड फार उभा धरलात." शेठजी, रॉड फार उभा धरला तर मोडतो, हे शास्त्र खरं आहे. आपल्याला नेमकं तेवढंच शास्त्र येतं, याचं आम्हा पुलावरच्यांना फार कौतुक वाटतं.

रिंगबद्दल आपण म्हणालात की त्या "एकदम ओके" आहेत. डोळ्यांना होत्याच. प्रत्येक रिंगच्या आत सिरॅमिकचं गुळगुळीत कडं असतं, त्यातून दोरी पळते. मी कापसाचा बोळा एकेका रिंगमधून फिरवला. तिसऱ्या रिंगमध्ये कापसाचे तंतू अडकून राहिले. तिथे केसाएवढा तडा होता. त्यातून ब्रेडची, म्हणजे विणलेली, दोरी काही दिवस पळाली असती, थोडी थोडी झिजली असती, आणि नेमका मोठा मासा असताना तुटली असती. मग मी उशिरापर्यंत दोरी बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालत बसलो असतो. आपण किती दूरचा विचार करता!

टिपबद्दलचा आपला सल्लाही जपून ठेवला आहे. "चार इंच गेले तर काय झालं, नवी टिप चिकटवून घ्या, काही फरक पडत नाही." चिकटवता येते, खरं आहे. रिपेअर करणारे चिकटवतातही. पण रॉडचा सगळा हलकेपणा त्या शेवटच्या चार इंचांत असतो. ते गेल्यावर उरतो तो दांडका. मी दांडका मागवला नव्हता. तो आमच्याकडे फुकट मिळतो.

इथे आपल्या व्यापारी बुद्धीला मुजरा केल्यावाचून राहवत नाही. पाइपमध्ये का पाठवत नाही, असं विचारल्यावर आपण म्हणालात, "सर, वजन वाढतं." म्हणून मी हिशेब मांडला. कुरियरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुधा ५०००, असं आकारमानाचं वजन काढतात आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे घेतात. आपली पट्टी ११५ बाय ६ बाय ६. म्हणजे ०.८३, पैसे एका किलोचे. ७५ मिलिमीटरचा, १२० सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप घेतला असता तर १.३५, पैसे दीड किलोचे. फरक अर्ध्या किलोचा! त्या अर्ध्या किलोसाठी आपण माझा रॉड, पुलावरच्या माणसाचा रॉड आणि न जाणो आणखी कोणाकोणाचे रॉड होमात टाकलेत. एवढी काटकसर आमच्या कोकणातसुद्धा निंदनीय समजली जाते.

तेव्हा हात जोडून एक अडाणी विनंती. आपल्या गोदामाजवळ नळाच्या सामानाचं दुकान असेल. तिथे सांडपाण्याच्या लाइनचा पातळ पाइप मिळतो, टोपणं मिळतात. रॉडचे दोन तुकडे उलटसुलट ठेवावेत, एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मुठीकडे. मूठ शेंड्याच्या थोडी पुढे राहू द्यावी, म्हणजे आपटणं मुठीला बसतं. रिंगांमध्ये फोम घालावा आणि तीन ठिकाणी कापडी पट्टीने बांधावं. पट्टी रिंगवर येऊ देऊ नये. दोन्ही टोकांना फोमचा बोळा ठासावा. रीळ त्याच्या डब्यात, वेगळ्या पार्सलने. मग पाइप कानाशी धरून हलवावा. आवाज आला तर पुन्हा उघडावं.

आणि कृपा करून दोन्ही टोपणं सोल्युशनने चिकटवू नका. आपला उत्साह मला माहीत आहे. मग गिऱ्हाईक हॅक्सॉ ब्लेड घेऊन बसतं, आणि रॉडचे तुकडे करायचं आपलं काम त्याला स्वतःच्या हाताने करावं लागतं. एक टोपण नुसतं टेपने पुरतं.

मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या साहेबाचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली निघालं. त्या काळी हौशी साहेबलोकांचे रॉड विलायतेहून बोटीने यायचे आणि पुढे बैलगाडीत चढायचे. आमच्या आजोबांच्या चिव्याच्या काठ्या एसटीच्या टपावर, भाजीच्या पाट्यांखाली बांधून यायच्या. त्यांना कोणी स्टिकर लावल्याचं ऐकिवात नाही. आपल्या गोदामापासून माझ्या घरापर्यंत डांबरी रस्ता आहे, हे केवळ माहितीसाठी.

नुकसानभरपाईच्या आपल्या अटी वाचून तर मी धन्य झालो. तक्रार ४८ तासांत करायची. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा, तोही न थांबवता, न कापता, आधी पत्त्याचा कागद दिसला पाहिजे. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात सुरी, तोंडात टेपचं टोक, अशा अवस्थेत मी तो काढला. त्यात माझ्या तोंडचे दोन शब्द आहेत, ते आपल्या मुलाबाळांसमोर ऐकू नका. व्हिडिओ पाहून आपण म्हणालात, हे कुरियरचं काम. कुरियरवाले म्हणाले, पॅकिंग अपुरं होतं. दोघेही एकमेकांबद्दल खरं बोलत होतात.

४८ तास हा आकडा आपल्याला प्रिय आहे, म्हणून कळवतो. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही त्याच आकड्यावर प्रेम करतात: विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. सदोष माल परत घेणार नाही, असंही विक्रेत्याला म्हणता येत नाही. आपला तक्रार अधिकारी मला सापडला नाही. कदाचित त्यालाही त्या सहा सेंटिमीटरच्या पट्टीत बसवून कुठेतरी पाठवला असेल.

म्हणून नाइलाजाने आपल्याला आमच्या गावी बोलावतो आहे. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाईक जिथे राहतं तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. माझा अर्ज तयार आहे. चारही तुकडे पुरावा म्हणून बांधून ठेवले आहेत, नीट, फोम घालून. व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याची सोय कायद्यात आहे, पण ती आपण मागू नये. आपला नियम आहे ना, न थांबवता, न कापता? नेट आमच्याकडे दर दहा मिनिटांनी जातं.

त्यापेक्षा प्रत्यक्षच या. मुंबईपर्यंत कसेही या, पुढे कोकणकन्या आहे, पहाटे रत्नागिरीला उतरवते. बदली रॉड बरोबर आणणार असाल तर तो हातात धरून आणा, बर्थखाली सरकवू नका. गाडीला गर्दी असते, आणि स्टिकर लावला असला तरी लोक त्यावर बॅगा ठेवतात.

कळावे. लोभ आहेच; तो अर्ध्या किलोने कमी करावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक गिऱ्हाईक, भाट्ये, रत्नागिरी