बहुरूप्याला सुप्रीम कोर्टाचा शिक्का

गावात पूर्वी बहुरूपी यायचा. अंगात खाकी, कमरेला पट्टा, हातात दंडुका. दारात उभा राहून खड्या आवाजात वॉरंट वाचायचा आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला चौकीवर चलायला सांगायचा. पोरं कणगीआड दडायची, आजी मात्र हसत हसत पसाभर जोंधळे घेऊन बाहेर यायची. तो पोलीस नाही हे तिला ठाऊक असायचं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असायचं.

इंग्लंडात हा बहुरूपी हल्ली पोस्टाने येतो. तो हसत नाही आणि जोंधळ्यांवर त्याचं भागतही नाही. त्याचा दर आहे १०० पौंड. १४ दिवसांत दिलेत तर ६०.

समजा, तिथल्या स्लाव गावातलं एक मराठी घर आहे. मुलगा आयटीत, वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेले आणि उभी हयात जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात घालवून निवृत्त झालेले. सकाळी दाराच्या फटीतून पाकीट आत पडतं. आत गाडीचे दोन फोटो, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि रक्कम. मुलगा मोबाइल काढतो. "भरून टाकतो बाबा, कटकट मिटेल."

"अरे, पण दंड केला कोणी?"

"पार्किंगवाल्या कंपनीने."

"कंपनी दंड करते? मग उद्या कोपऱ्यावरचा वाणीही करेल!"

बाबांनी पहिल्याच फटक्यात वर्मावर बोट ठेवलेलं असतं. ब्रिटनमध्ये गाडीवाल्याला येणाऱ्या कागदांची दोन घराणी आहेत आणि दोघांचं आडनाव एकच, पीसीएन. कौन्सिलकडून येतो तो 'पेनल्टी चार्ज नोटीस'. त्याच्यामागे २००४ चा वाहतूक कायदा आहे. सुपरमार्केटच्या किंवा हॉस्पिटलच्या आवारातली खासगी कंपनी पाठवते तो 'पार्किंग चार्ज नोटीस'. पेनल्टीच्या जागी पार्किंग आलं, आद्याक्षर तेच राहिलं. काचेवर चिकटवायची काळी-पिवळी पिशवीही थेट सरकारी वळणाची. 'दंड' हा शब्द मात्र भिंग घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, कारण खासगी कंपनीला दंड करता येत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की तुम्ही गाडी लावलीत तेव्हा आमच्याशी करार केलात आणि आता तो मोडलात. करार कुठे आहे? खांबावर. सही? तुमच्या टायरची.

बाबांचा पुढचा प्रश्न त्याहून टोकदार. "पण यांना आपला पत्ता दिला कोणी?"

सरकारने. गाड्यांची नोंद ठेवणारी डीव्हीएलए, म्हणजे तिथला आरटीओ, दर नोंदीमागे अडीच पौंड घेऊन गाडीच्या नोंदणीकृत धन्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या हवाली करते. कंपनी मान्यताप्राप्त व्यापारी संघटनेची सदस्य असली की झालं. अशा मागण्या आता वर्षाला एक कोटीच्या वर जातात. सरकारचा खुलासा असा, की यात नफा नाही, फक्त खर्च भरून निघतो. आपल्याकडे असा खुलासा दिवाळीतल्या फराळ महोत्सवाचे आयोजक करतात.

तर भरायचा की नाही? पूर्वी पबमधला कुठलाही जाणकार एका घोटात उत्तर द्यायचा: फाडून टाक. ते उत्तर चूक नव्हतं. तेव्हा कंपनीचं खरं हत्यार कागद नव्हतंच, जॅमर होता. चाकाला पिवळं लोखंड अडकवायचं आणि रोख मोजल्याशिवाय काढायचं नाही. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ सालीच याला सरळ खंडणी आणि चोरी ठरवलं. इंग्लंड आणि वेल्सला आणखी वीस वर्षं लागली. १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जागेत जॅमर लावणं गुन्हा झाला आणि ज्या कायद्याने हे केलं त्याचं नाव 'स्वातंत्र्यरक्षण कायदा'. पण याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना परतीची भेट होती. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तर पैसे नोंदणीकृत धन्याकडून मागता येतील. जॅमर चाकावरून निघाला आणि पत्रपेटीत बसला.

अर्थात, भेटीला अटी आहेत. काचेवर काही न लावता कॅमेऱ्याच्या जोरावर नोटीस पाठवायची, तर ती १४ दिवसांत दारात पोचली पाहिजे. उशीर झाला तर धन्याची जबाबदारी गळून पडते. गाडी कोण चालवत होतं हे सांगायचं बंधनही धन्यावर नाही. आणि आपला सरळमार्गी मराठी माणूस काय करतो? पहिल्याच ईमेलमध्ये लिहितो, "सर, मीच चालवत होतो, पण माझं ऐकून घ्या." चौथं परिशिष्ट तिथेच अंग टाकतं.

दुसरा धक्का बसला २०१५ मध्ये, आणि तो एका फिश-अँड-चिप्सच्या दुकानदाराने आणला. १५ एप्रिल २०१३ रोजी बॅरी बीव्हिस यांनी चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये गाडी लावली. तिथे दोन तास फुकट होते, ते ५६ मिनिटं जास्त थांबले. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. बीव्हिस यांचं म्हणणं साधं होतं: फुकटच्या जागेत तासभर जास्त थांबल्याने तुमचं ८५ पौंडांचं काय बुडालं? नुकसान नाही, मग ही रक्कम म्हणजे शिक्षाच, आणि करारात शिक्षा चालत नाही असं इंग्रजी कायदाच सांगतो. खटल्यात आणखी एक मौज बाहेर आली. पार्किंग सांभाळण्याबद्दल जागामालक कंपनीला पैसे देत नव्हता, कंपनीच त्याला आठवड्याला १,००० पौंड देत होती! म्हणजे सगळ्यांनी दोन तासांत शहाण्यासारख्या गाड्या काढल्या असत्या, तर कंपनीचं दिवाळं वाजलं असतं. नियम मोडला जावा यासाठी एवढं भाडं भरणारा नियमरक्षक दुसरीकडे पाहायला मिळणं अवघड.

सुप्रीम कोर्टात या ५६ मिनिटांच्या पंगतीला कोट्यवधी डॉलरच्या जाहिरात कंपनीच्या विक्रीचा खटला बसवला होता. दोन्हींत प्रश्न एकच होता, करारातली शिक्षा. सात न्यायमूर्ती बसले आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सहा विरुद्ध एक असा निकाल लागला. नुकसान झालं नसलं तरी जागा फिरती ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे, त्या मानाने ८५ पौंड अवाजवी नाहीत. बहुरूप्याच्या वॉरंटावर खरा शिक्का पडला.

तेव्हापासून कंपन्या हा निकाल प्रत्येक पत्रात देव्हाऱ्यातल्या टाकासारखा पुढे ठेवतात. निकालाचा अर्धा भाग तेवढा पुसून ठेवतात. चेम्सफर्डच्या त्या आवारात वीसेक पाट्या होत्या, ठळक, ८५ चा आकडा मोठ्या अक्षरांत. पाटी दिसलीच नाही, तर करार झालाच नाही. हे तत्त्व त्याहून जुनं आहे. लंडनच्या शू लेनमधल्या स्वयंचलित गॅरेजविरुद्ध एका वादकाने केलेल्या दाव्याचा निकाल १९७० मध्ये लागला. तिथल्या अपघातात तो जखमी झाला, आणि 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' ही अट आत एका खांबावर होती. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी विचारलं ते असं: यंत्राने तिकीट बाहेर टाकल्यावर माणूस कोणाशी घासाघीस करणार? त्याने शिव्या घातल्या तरी यंत्र ढिम्म. अशी जाचक अट घालायची तर ती लाल शाईत, शेजारी बोट दाखवणारा लाल हात काढून छापा, असा त्यांचा आग्रह. २००० साली वॉल्थम फॉरेस्टच्या खटल्यात तर पाटी शेजारच्या उंच गाडीआड गेली होती आणि गाडीवाली बाई रस्त्याकडेला उलट्या करत होती. ती अपिलात जिंकली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायाधीशांनी आणखी एका बाईच्या बाजूने निकाल दिला. स्वतःच्याच इमारतीच्या दारात टेबल उतरवण्यापुरती गाडी थांबवणं म्हणजे पार्किंग नव्हे, असं सांगायला तिथेही अपीलच लागलं.

मग स्लावच्या त्या मुलाने काय करावं? खरंच वेळ उलटून गेला असेल आणि पाटी ढळढळीत दिसत असेल, तर ६० पौंड भरून घरात बसून शिव्या द्याव्यात. नसेल, तर आधी कंपनीकडे हरकत घ्यावी. १४ दिवसांत घेतली तर सवलत बहुधा टिकते. कंपनीने नाकारलं की स्वतंत्र अपील. कंपनी एका संघटनेची असेल तर पोप्ला, दुसरीची असेल तर आयएएस. पोप्लाची पायरी चढली की सवलत गेली. स्वतंत्र हा शब्द इथे सासुरवाशिणीच्या स्वातंत्र्यासारखा घ्यावा, कारण अपिलाची दोन्ही घरं त्या संघटनांनीच थाटलेली आहेत. यंत्रात नंबर टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, तर मात्र नोटीस रद्द करायचं या संघटनांच्याच आचारसंहितेत लिहिलेलं आहे. तरीही ते आठवण करून दिल्याशिवाय सहसा आठवत नाही.

एक गोष्ट मात्र करू नये. कचरापेटी. पहिलं पत्र टाकलं की दुसरं लाल शाईत येतं, तिसरं वसुलीवाल्यांचं आणि रकमेत ७० पौंड वाढलेले. इथवर सगळा बहुरूप्याचाच खेळ. वसुलीवाल्याला घरातला चमचादेखील उचलायचा अधिकार नाही. पण त्यानंतर नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टाचं पाकीट आलं, तर तो खरा पोलीस. १४ दिवसांत पोच, पोच दिली तर उत्तराला एकूण २८ दिवस. गप्प बसलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो, महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं पतनोंदीवर बसतो, आणि घराचं कर्ज मागायला गेलं की बँकवाला चष्म्यावरून बघतो. "एकतर्फी" हा शब्द ऐकून बाबांचा चहा थांबतो. उभ्या हयातीत त्यांनी अशा किती फायली बांधल्या असतील!

डर्बीच्या एका बाईंची गोष्ट तर गेल्या काही वर्षांत देशभर गाजली. पार्किंगचे पैसे दर वेळी भरलेले, पण तिथे मोबाइलला रेंज नव्हती आणि पैसे आत आल्यापासून पाच मिनिटांत भरायचा नियम होता. दावा आला १,९०६ पौंडांचा. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमही बदलला.

सरकार काय करतंय? सर ग्रेग नाइट यांच्या विधेयकातून २०१९ मध्ये सरकारी आचारसंहितेचा कायदा झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत संहिता आली, बहुतेक नोटिसांना ५० पौंडांची मर्यादा घालणारी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने संहिता माघारी नेली. २०२४ मध्ये संघटनांनी स्वतःच एक संहिता लिहून काढली, वरची मर्यादा १०० पौंडांची. जेवणारेच वाढायला उठले, मग तुपाची धार कोणाच्या पानात पडणार? २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने पुन्हा लोकांची मतं मागवली.

पुढच्या शनिवारी मुलगा बाबांना घेऊन त्याच आवारात किराणा घ्यायला जातो. पाटी वाचून थांबायचं की निघायचं हे ठरवायला संहितेने किमान पाच मिनिटं दिलेली आहेत. बाबा खिशातून वाचायचा चष्मा काढतात, खांबाजवळ जातात आणि मोठ्या अक्षरांवरून लहान अक्षरांवर, तिथून कंपनीच्या नोंदणी क्रमांकावर येतात. मग माहितीच्या गोपनीयतेचा परिच्छेद लागतो.

"बाबा, चला. सात मिनिटं झाली."

"थांब रे, अजून तळटीप राहिलीय."